चीक हवा आहे

अण्णांनी काहीतरी खायला मागितलं, ही बातमी साधनाने फोन करून नवऱ्याला, दिनेशला, अंबडच्या कारखान्यात कळवली, तेव्हा त्याने शेजारचं यंत्र बंद करायला लावलं आणि पुन्हा विचारलं, "कोणी मागितलं?"

प्रश्न रास्त होता. आई, वत्सलाबाई, गेल्यावर दिनेशने वडिलांना, म्हणजे निवृत्तीअण्णांना, चांदवडहून नाशिकला आणलं. तेव्हापासून अण्णांनी या घरात काहीही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा ते स्वतः उठून घेत. ताटात वाढलेलं चिमणीएवढं खात, "छान झालंय," म्हणत आणि ताटावर हात आडवा धरत. साधनाच्या मुगाच्या खिचडीला, ज्वारीच्या आंबिलीला आणि एकदा चांगल्याच करपलेल्या उपम्याला त्यांनी एकाच सुरात छान म्हटलं होतं, त्यामुळे मोजमाप म्हणून त्या शब्दाचा काही उपयोग राहिला नव्हता. सदरे मात्र सैल होत चालले होते. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, की यांना काहीही झालेलं नाही, हे फक्त जेवत नाहीत. वजन असंच उतरत राहिलं तर दाखल करून सलाईन लावावं लागेल. अण्णांनी डॉक्टरांनाही छान म्हटलं.

अशा माणसाने चैत्रातल्या एका दुपारी, इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभं राहून, रस्त्यावरच्या उन्हाकडे बघत म्हटलं, "चीक खाल्ला असता थोडा."

म्हटलं ते उन्हाला उद्देशून. पण साधना दोन पावलांवर कपडे वाळत घालत होती आणि तिने ते ऐकलं. तिने अण्णांना उलट काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर ते "काही नाही, सहज," म्हणाले असते, अशी तिला भीती होती. ती चिमटे तिथेच टाकून आत गेली आणि दिनेशला फोन लावला.

"चीक ना? फार आवडतो अण्णांना," दिनेश म्हणाला. "आई दर वर्षी करायची."

साधना कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. एखादं गृहीतक मांडलं की पुरावा तपासायचा, ही तिची सवय. चांदवडच्या घरी गाय होती. गाय दर वर्षी विते. व्यायलेल्या गाईच्या पहिल्या दुधाला चीक म्हणतात, त्याचा खरवस होतो आणि वत्सलाबाई तो दर वर्षी करत होत्या. सगळं बिनचूक जुळत होतं. साधना मूळची डोंबिवलीची. तिथे खरवस मिठाईच्या दुकानात चौकोनी डब्यात मिळतो. पण अण्णा खरवस म्हणाले नव्हते, चीक म्हणाले होते. त्यांना घरचा, खऱ्या चिकाचा हवा होता, हे उघड होतं. तसा आणायचा असं तिने ठरवलं, आणि आणेपर्यंत अण्णांना कळू द्यायचं नाही असंही ठरवलं. या दुसऱ्या ठरावामुळे पुढचं सगळं झालं.

तिने सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश टाकला: "चीक हवा आहे. कोणाकडे मिळेल?"

पहिलं उत्तर दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त तलाठ्यांचं आलं. त्यांना आयुर्वेदाची आवड आहे. त्यांनी लिहिलं, की रुईचा चीक पाथर्डी फाट्याच्या पुढे मोकळ्या प्लॉटवर भरपूर मिळेल. मात्र चामखिळीवर लावताना भोवतीच्या कातडीला तूप लावावं आणि डोळ्याजवळ असेल तर लावूच नये. त्याखाली एका बाईंनी पायाच्या कुरुपासाठी पपईचा चीक सुचवला. तिसऱ्या गृहस्थांनी हे सगळं वाचून विचारलं, की त्रास नेमका कोणत्या जागी आहे, संकोच वाटत असेल तर खाजगीत कळवावं. संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण साधनाच्या चेहऱ्यावरून हातांकडे आणि हातांवरून पायांकडे नजर फिरवू लागला आणि काही न सापडल्याने जास्तच काळजीत पडू लागला.

तिने खुलासा टाकला: खाण्याचा चीक हवा आहे. त्यावर पलीकडच्या दारातल्या मंजुषाताईंनी लगेच विचारलं, "दुधाचाच ना?" मंजुषाताई नांदगावच्या. स्वयंपाकातलं त्यांना सगळं येतं, आणि आपल्याला ते येतं हे साधनाला ठाऊक असावं असंही त्यांना वाटतं. साधनाने उत्तर लिहिलं: "अर्थात."

हा एक शब्द तिने पुढे बरेच दिवस मनात वाचला.

दुधाचा चीक विकत मिळत नाही, हे तिला पुढच्या दोन दिवसांत समजलं. डेअरीवाल्याने नाव लिहून घेतलं आणि गाय व्याली की कळवतो म्हणाला, पण कोणाची गाय आणि कधी, हे काही बोलला नाही. शेवटी मंजुषाताईंच्या फुलवाल्या बाईंच्या ओळखीतून मखमलाबादच्या गोटीरामचा पत्ता लागला. गोटीरामचा भाजीचा मळा, शेवंतीचे वाफे आणि गोठ्यात नुकतीच व्यालेली गाय. साधना कॉलेज सुटल्यावर स्कूटरवरून थेट तिथे गेली. गोटीरामने चीक विकायला साफ नकार दिला, कारण चीक विकत नाहीत, वाटतात. मग म्हातारे सासरे जेवत नाहीत हे ऐकल्यावर त्याने स्वतःच्या घरची किटली भरून तिच्या हातात दिली.

साधनाने त्या संध्याकाळी खरवस केला. चिकाचा एक थेंब तव्यावर टाकून तो किती दाट आहे ते पाहिलं, त्या मानाने दूध घातलं, गूळ, वेलची, जायफळ घातलं, आणि पातेल्यातलं पाणी खळखळू न देता मंद वाफेवर ठेवला. प्रथिनं जास्त तापली की जाळी पडते, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. वडी अशी थरथरत उतरली, की दहावीतल्या सृष्टीने आईच्या एखाद्या पदार्थाचा पहिल्यांदाच फोटो काढला.

अण्णांनी वाटीकडे पाहिलं. मग साधनाकडे पाहिलं. "कुठून आणलास?" त्यांनी विचारलं. मखमलाबादहून, असं कळल्यावर त्यांनी वाटी जवळ ओढली आणि संपवली. पूर्ण संपवली, बोटाने पुसून. दिनेशने साधनाकडे पाहिलं आणि साधनाने खिडकीकडे पाहिलं, कारण डोळ्यांत पाणी आलेलं तिला सृष्टीच्या फोटोत नको होतं.

दुसऱ्या दिवशी तिने गोटीरामची किटली परत केली. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुवाव्यात तशी तिने ती धुतली होती. उकळत्या पाण्यातून काढून, उलटी ठेवून, कोरडी करून. किटली चंद्रासारखी चमकत होती आणि रिकामी होती.

त्याच संध्याकाळी गोटीरामचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"मॅडम, किटली रिकामी दिली का?"

"धुऊन दिली," साधना म्हणाली.

"तेच म्हणतो. चिकाचं भांडं धुत नाय, अन् रिकामं तर देतच नाय. दाणे तरी टाकायचे, गुळाचा खडा टाकायचा. गाईनं पान्हा चोरलाय. आई लय चिडलीय. या एकदा."

पान्हा आणि किटली यांचा काही संबंध असणं शक्य नाही, हे साधनाला पुराव्यानिशी सांगता आलं असतं. पण पुन्हा चीक लागणार होता, आणि गाय गोटीरामच्या आईची होती. तेव्हा दुसऱ्या दिवशी ती तांदूळ, गूळ, हळदकुंकू आणि हिरवा खण घेऊन मखमलाबादला गेली आणि गोटीरामच्या आईने सांगितल्याप्रमाणे गाईपुढे उभं राहून, डोक्यावर ओढणी घेऊन म्हणाली, की चुकलं, पुन्हा होणार नाही. गाईने मान वळवली. म्हातारी म्हणाली, की मनापासून म्हटलेलं दिसत नाही. साधनाने पुन्हा म्हटलं, या वेळी नावानिशी. गाईचं नाव तारा होतं. हे चालू असतानाच शेवंती घ्यायला आलेली स्नेहा नावाची तिची एक जुनी विद्यार्थिनी वाफ्याच्या बांधावर येऊन उभी राहिली. या स्नेहाला बारावीला साधनाने प्रात्यक्षिकाचे गुण कापले होते, कारण तिने निष्कर्षात "नशिबाने उत्तर बरोबर आलं" असं लिहिलं होतं. "मॅडम, तुम्ही?" स्नेहाने विचारलं. साधनाने मान हलवली. दुसरं काही हलवण्याच्या स्थितीत ती नव्हती, कारण तिच्या तळहातावरचा गूळ तारा चाटत होती.

संध्याकाळी तारा व्यवस्थित दूध देऊ लागली. म्हातारी इतकी प्रसन्न झाली, की तिने आजूबाजूच्या मळ्यांमध्ये कळवलं. कोणाची म्हैस, कोणाची जर्सी; त्या आठवड्यात मखमलाबाद शिवारात जे जे व्यालं, त्याचा चीक इंदिरानगरला येऊ लागला. प्रत्येक भांडं न धुता, मूठभर तांदूळ घालून परत जात होतं. साधनाच्या फ्रीजमध्ये खरवसाशिवाय काही मावत नव्हतं. तिने तो मजल्यामजल्यावर वाटला. तलाठ्यांनी दोनदा मागवला आणि चामखिळीचं काय झालं ते विचारलं.

अण्णा रोज खात होते. सकाळी एक वाटी, दुपारी एक वाटी. साधना रोज त्यांचं वजन करत होती, आणि काटा थोडासा का होईना वर सरकला, तेव्हा तिने दिनेशला कॉलेजच्या जिन्यातून फोन केला. नंतर अण्णांचं पोट बिघडलं. म्हशीचा चीक जड असतो. दोन दिवस पेज आणि ताक यांवर काढल्यावर काटा आधी होता त्याच्याही खाली उतरला. डॉक्टरांनी सोमवारी फोन करून कळवायला सांगितलं. सुधारणा नसेल तर दाखल करून घेऊ म्हणाले.

साधना पेजेची वाटी घेऊन अण्णांच्या कॉटशेजारी बसली होती. अण्णांनी दोन घोट घेतले आणि वाटी खाली ठेवली. बराच वेळ काही बोलायचं की नाही असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर चालला होता.

"साधना," ते म्हणाले, "खरवस आता पुरे झाला. चीक कधी करणार आहेस?"

साधनाला वाटलं, तापात बोलताहेत. तिने कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं.

"अण्णा, मग एवढे दिवस खाताय तो काय?"

"तो खरवस. चांगला असतो." अण्णांनी तिची समजूत घालावी तशा सुरात सांगितलं. "चीक म्हणजे गव्हाचा. कुरडयांचा. चैत्रात दुसरा कुठला?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या लांबून आणत होतीस. मला वाटलं, हा संपला की तो करशील."

साधना दर वर्षी नव्या वर्गाला एक गोष्ट सांगते: नुसतं अ‍ॅसिड घातलं असं लिहू नका, कोणतं अ‍ॅसिड ते लिहा; नावात गोंधळ असेल तर पुढचा सगळा प्रयोग व्यर्थ. ती उठून स्वयंपाकघरात गेली, फ्रीज उघडला आणि खरवसाच्या सात डब्यांकडे बघत थोडी थंड हवा घेतली. दिनेश घरी आल्यावर तिने त्याला विचारलं, की आई दर वर्षी कोणता चीक करायची. दिनेश म्हणाला, दोन्ही. मग तू सांगितलं का नाहीस, यावर तो म्हणाला, की तू विचारलं नाहीस. नवरा-बायकोत यानंतर जे होतं ते झालं, आणि त्यातून गव्हाचा चीक करण्याचा निर्णय झाला. सोमवार यायला अजून अवकाश होता.

चांदवडहून दर उन्हाळ्यात कुरडयांचा डबा तयार येत असे. त्या डब्यात पडण्याआधी कुरडईचं काय काय होतं, याची साधनाने कधी चौकशी केली नव्हती. आता ती पलीकडच्या दारात गेली. मंजुषाताईंनी सगळं शांतपणे ऐकलं. "मी तेव्हाच विचारलं होतं," असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त फोन उघडून तो "अर्थात" साधनासमोर धरला. मग खरी अडचण सांगितली. वत्सलाबाईंना जाऊन वर्ष झालेलं नाही. ज्या घरात माणूस गेलं, तिथे त्या वर्षी कुरडई, पापड, कसलंही वाळवण घालत नाहीत. भावकीतून येतं ते खायचं. अण्णाच ते होऊ देणार नाहीत.

हे खरं होतं. म्हणूनच ते उन्हाशी बोलले होते, हे साधनाला तेव्हा कळलं.

निवाड्यासाठी नामपूरला, अण्णांच्या थोरल्या बहिणीला, नवसाबाईआत्यांना फोन लावला. आत्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे साधनाला प्रश्न इतक्या मोठ्याने विचारावा लागला, की तो खालच्या मजल्यावरही विचारला गेला: कुरडई नको, वाळवायचं नाही, नुसता चीक शिजवून अण्णांना वाटीत द्यायचा, तर चालेल का?

आत्या विचारात पडल्या. मग आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "चीक ते जेवणच शे, माय. सोऱ्यामा गया ते कुरडई. वाटीमा गया ते जेवण. जेवणले काय सुतक?"

एवढा स्वच्छ निकाल साधनाने शिक्षणखात्याच्या कुठल्याही परिपत्रकात वाचला नव्हता. प्रमाण विचारल्यावर आत्या म्हणाल्या, अर्धी पायली गहू घे. एका वाटीसाठी अर्धी पायली कशाला, असं साधनाने विचारून पाहिलं. वाटीभर गव्हाचा चीक कोणी करत नाही, असं उत्तर आलं आणि फोन बंद झाला.

गहू भिजले. रोज पाणी बदलायचं, तीन दिवस. चैत्रातल्या नाशिकच्या उन्हात दुसऱ्याच दिवशी गहू आंबायला लागले, आणि त्यांचा वास जिन्यातून खालीवर फिरू लागला. साधनाने घरी सगळ्यांना सांगितलं, की हा दोष नाही, ही प्रक्रिया आहे. सोसायटीचे सेक्रेटरी रवी मोजाड यांना मात्र ते कोणी सांगितलं नव्हतं. मोजाड दक्ष आणि नियमाचे पक्के. त्यांनी तातडीने प्लंबर बोलावून डक्टमधली सांडपाण्याची नळी उघडायला लावली. नळी उघडल्यावर पहिल्यांदा खरोखरचा वास सुटला. चारही मजल्यांचं पाणी दुपारभर बंद राहिलं, तलाठ्यांची अंघोळ अर्ध्यावर राहिली, आणि शेवटी प्लंबरच वासाचा माग काढत साधनाच्या दारात आला. त्याने आत डोकावून दीर्घ श्वास घेतला. "गहू भिजलेत," तो मोजाडांना म्हणाला. "आमच्या घरी पण भिजलेत."

चौथ्या दिवशी मंजुषाताईंनी आणि साधनाने गहू वाटले. साधनाच्या मिक्सरने निम्म्यावर धूर काढला, तेव्हा उरलेले मंजुषाताईंच्या मिक्सरवर वाटले. चोथा पिळला, गाळला, पुन्हा पिळला आणि रात्रभर निवळायला ठेवला. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं आणि तळाशी पांढराशुभ्र, दाट चीक दिसला, तेव्हा साधनाला मनापासून आनंद झाला. पेठ्यासारखा स्वच्छ थर. इतकी सुंदर निवळण तिला प्रयोगशाळेत क्वचित मिळाली होती.

अडचण शिजवताना आली. चिकाएवढंच पाणी, मीठ, हिंग, थोडं तेल. पाणी उकळलं की एका हाताने चीक ओतायचा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. पुस्तकातल्या वाक्यात हे दोन हात पुरतात. प्रत्यक्षात चीक पाण्यात पडताक्षणी घट्ट होऊ लागला, आणि लाकडी दांड्याबरोबर सगळं पातेलंच गॅसवर गरगर फिरायला लागलं. मंजुषाताई ओतत होत्या, साधना ढवळत होती आणि पातेलं शेगडीच्या कडेला जाऊन कलंडायच्या बेतात होतं. दिनेशला हाक मारली, पण तो मिक्सर घेऊन दुरुस्तीला गेला होता. सृष्टीने चिमटा लावला. चिमटा निसटला.

मागून कोणीतरी साधनाला खांद्याने हलकेच बाजूला सारलं. अण्णा होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, दुमडला, दोन्ही हातांनी पातेल्याचे काठ धरले आणि पाय थोडे फाकवून उभे राहिले. पातेलं जागच्या जागी बसलं.

"ढवळ," ते म्हणाले.

साधना ढवळू लागली. वाफ अण्णांच्या तोंडावर येत होती. त्यांनी तोंड वळवलं नाही.

"जोरात. गाठी बसतील. ती दोन्ही हातांनी ढवळायची." थोड्या वेळाने, पातेल्याकडेच बघत, ते म्हणाले, "मी धरायचो. पन्नास वर्षं हेच काम. लग्न झालं त्या चैत्रात पहिल्यांदा धरलं, तर पोळलो आणि सोडून दिलं. सगळा चीक चुलीत. बोलली नाही काही. पुढच्या वर्षी पंचा आणून दिला हातात."

मंजुषाताईंनी डोळे पुसले आणि वाफेला दोष दिला. चीक पारदर्शक झाला, त्याला काचेसारखी चमक आली, तेव्हा अण्णांनी सांगितलं की झाकण ठेव, आता हात लावू नको. साधनाने झाकण ठेवलं. तिघी आणि अण्णा, चौघंही त्या झाकणाकडे बघत उभे राहिले.

पहिली वाटी अण्णांना दिली. वर कच्चं तेल आणि लसणाची लाल चटणी, नवसाबाईंच्या सांगण्याप्रमाणे. अण्णा खुर्चीवर बसून हळूहळू खाऊ लागले. वाटी संपली.

सगळ्यांचे चेहरे खुलले. साधनाचा खुलला नाही. वाटी खरवसाचीही संपली होती. मखमलाबादहून आणलं म्हणून ती संपली होती. ही, मिक्सर जळला म्हणून संपली नसेल कशावरून? अण्णा मूळचेच भिडस्त. त्यांच्या रिकाम्या वाटीवरून काहीच सिद्ध होत नव्हतं. ती पुन्हा वाढायला गेली, तर अण्णांनी वाटीवर हात आडवा धरला. उद्या सोमवार होता.

तोवर दुसराच प्रश्न उभा राहिला होता. पातेल्यात अजून दहा माणसांना पुरेल एवढा चीक होता आणि तो गार व्हायच्या आत सोऱ्यातून काढला नाही तर फुकट जाणार होता. या घरात सोऱ्या चालणार नव्हता. मंजुषाताईंनी पातेलं उचललं आणि आपल्या दारातून आत नेलं. उंबरा ओलांडताच तो चीक त्यांचा झाला आणि कायदेशीर अडचण मिटली. राहिली गच्ची. गेल्या वर्षी गच्चीला वॉटरप्रूफिंग झाल्यापासून तिथे वाळवणाला बंदी होती. मोजाडांनी तशी पाटीच लावली होती. मंजुषाताई त्यांच्याकडे गेल्या. मोजाड म्हणाले, अर्ज द्या, पुढच्या सभेत ठेवतो. मंजुषाताई म्हणाल्या, सभेपर्यंत चीक थांबत नाही. एवढ्यात आतून मोजाडांच्या आईने विचारलं, की चीक कोणाकडे झालाय. एक वाटी आत गेली. मोजाडांनी अर्जाऐवजी अट घातली: खाली प्लास्टिक अंथरायचं, आणि वाळवणाजवळ जबाबदार व्यक्ती पूर्ण वेळ हजर राहील.

जबाबदार व्यक्ती कोण, यावर जिन्यातच चर्चा सुरू झाली. मंजुषाताईंना पाहुणे येणार होते, साधनाला पेपर तपासायचे होते, सृष्टीला शिकवणी होती. अण्णा दारात उभे होते.

"कुरडया यांच्या आहेत ना?" त्यांनी मंजुषाताईंकडे बोट दाखवून विचारलं. त्यांच्याच, असं सगळ्यांनी सांगितलं. "मग शेजाऱ्याच्या कुरडयांजवळ बसायला काही हरकत नाही. कावळे फार असतात."

त्यांनी काठी घेतली, छत्री घेतली आणि वर गेले.

त्या दुपारी साधना पेपर तपासत बसली, पण तिचं लक्ष लागत नव्हतं. सकाळी काट्याने काय दाखवलं होतं ते तिला आठवत होतं, आणि डॉक्टरांना काय सांगायचं ते जुळत नव्हतं. उन्हं जरा कलल्यावर ती ताक घेऊन गच्चीवर गेली.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत अण्णा छत्री उघडून बसले होते. समोर प्लास्टिकवर मंजुषाताईंच्या कुरडया ओळीने घातलेल्या होत्या, वरून कोरड्या, आतून अजून मऊ. ओळी सरळ होत्या. सोऱ्या फिरवताना मंजुषाताई दोऱ्याने आखल्यासारख्या घालतात. फक्त अण्णांच्या बाजूची कड ओळीत नव्हती. तिथे प्लास्टिक मोकळं होतं, आणि त्या मोकळ्या जागेवर कुरडयांचे गोल, ओलसर ठसे उमटलेले होते. एक ओळ पूर्ण आणि दुसरीची बरीचशी.

अण्णा तिच्याकडे बघून बसल्या बसल्या ताठ झाले. त्यांच्या गालात काहीतरी होतं. ते त्यांनी घाईने गिळलं.

"कावळा," ते म्हणाले. "इथला फार धीट आहे. काठीला भीत नाही."

साधनाने आकाशाकडे पाहिलं. निळं, कोरडं, कडेपासून कडेपर्यंत मोकळं होतं. मग तिने अण्णांच्या सदऱ्याकडे पाहिलं. छातीवर कुरडईचा एक पांढरा धागा चिकटला होता आणि हनुवटीलाही एक.

भिडेखातर कोणी चोरून खात नाही. याला दुसरा पुरावा लागत नव्हता.

तिने ताकाचा पेला त्यांच्याजवळ ठेवला आणि जिन्याकडे वळली. दारात थांबून तिने विचारलं, "अण्णा, कावळ्याला चटणी आणून देऊ का थोडी?"

अण्णांनी छत्री जरा पुढे झुकवली. तिच्याआडून थोड्या वेळाने आवाज आला.

"लसणाची आण."